बी-१ कंत्राटातले दावे: कोणत्या तारखेला काय लिहून द्यायचे

मोजपट्टी (धागाकर्ता)

महाराष्ट्र सार्वजनिक बांधकाम खात्याचे बरेचसे काम बी-१ नमुन्यावर निघते, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा इतके टक्के कमी किंवा जास्त. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर ठेकेदार स्वतः भरतो. अटी दोन्हीकडे बऱ्याचशा सारख्या. ही छापील पुस्तिका सही करताना कोणी वाचत नाही आणि वाचायची वेळ येते तेव्हा तिच्यातल्या मुदती उलटून गेलेल्या असतात. म्हणून सुरुवात मुदतींपासूनच.

(कराराच्या अटीला 'क्लॉज' आणि कायद्यातल्या तरतुदीला 'कलम' म्हणतो, गोंधळ नको. क्लॉजचे क्रमांक छापील नमुन्यातले आहेत. जादा अटी जोडून निविदेत काही बदललेले असू शकते, तेव्हा आपला करारनामा शेजारी ठेवा.)

क्लॉज ६, मुदतवाढ: अर्ज लेखी, कार्यकारी अभियंत्याकडे, अडथळा आल्यापासून ३० दिवस किंवा कामाची मूळ मुदत यांपैकी जे आधी संपेल त्याच्या आत. प्रत्यक्षात सगळे अर्ज मुदत संपायच्या आठवड्यात जातात, तेही 'पाऊस, निधीअभावी व इतर कारणांमुळे' असे मोघम. असा अर्ज मुदतवाढ मिळवून देतो, पण पुढे नुकसानभरपाई मागताना कामाला येत नाही. जागा ताब्यात मिळाली नाही, झाडे तोडायची परवानगी आली नाही, विजेचे खांब हलले नाहीत, नकाशा उशिरा आला: प्रत्येक अडथळ्याचे वेगळे पत्र, सुरुवातीची तारीख, अडलेली साखळी (कामाच्या सुरुवातीपासून मोजलेले अंतर) अमुक ते तमुक, आणि अडथळा संपल्याची तारीख.

क्लॉज १५, काम थांबवण्याचा आदेश: सलग ३० दिवसांपेक्षा जास्त किंवा तुकड्यातुकड्याने मिळून ६० दिवसांपेक्षा जास्त थांबवले, तर बसून राहिलेली यंत्रसामग्री आणि मजुरांना द्यावा लागलेला पगार एवढ्यापुरती भरपाई मागता येते. अर्ज काम पुन्हा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत. पहिल्या ३० दिवसांचे काही मिळत नाही. म्हणजे काम सलग ७५ दिवस बंद असेल तर हिशेब ४५ दिवसांचा. थांबणे सलग ९० दिवसांच्या पुढे गेले तर त्यानंतरच्या ३० दिवसांत, १० दिवसांची नोटीस देऊन, उरलेल्या कामातून मोकळे होता येते. हा मार्ग फार कमी लोक वापरतात. रखडलेल्या कामात अडकून दरवर्षी मुदतवाढ मागत बसण्यापेक्षा तो पुष्कळदा बरा असतो.

यातली ग्यानबाची मेख अशी की थांबवण्याचा आदेश लेखी कोणी देतच नाही. 'जरा थांबा, मोजणी होऊ द्या' असे फोनवर सांगतात. त्याच दिवशी आपण पत्र द्यायचे: 'आज रोजी आपल्या तोंडी सूचनेनुसार साखळी ०/८०० ते १/४०० मधील काम थांबवले आहे, साइटवर खालील यंत्रे व मजूर उपस्थित आहेत.' उपविभागाच्या आवकेचा शिक्का घ्यायचा आणि कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयीन ईमेलवरही पाठवायचे.

खडीक्रशर

छान धागा. क्लॉज ३८ बद्दल लिहा ना. परिमाण वाढले की उपविभाग म्हणतो तोच दर, ठेकेदार म्हणतो नवा दर. नक्की काय?

मोजपट्टी

निविदेतल्या परिमाणाच्या २५ टक्के जादापर्यंत निविदेचाच दर. त्यापुढचे जे जादा आहे, आणि त्याची किंमत निविदेच्या दराने ५००० रुपयांपेक्षा जास्त होत असेल, तर तेवढ्याच भागाला चालू दरसूचीचा (खात्याच्या दरांच्या यादीचा) दर, अधिक-उणे निविदेची टक्केवारी. दरसूचीत बाब नसेल तर बाजारभाव, त्यालाही तीच टक्केवारी.

समजा कठीण खडकातली खोदाई निविदेत ४०० घनमीटर, झाली ६२०. निविदा ८ टक्के कमी. निविदेच्या वर्षीचा दर ९००, चालू दर १०४० धरू. पहिल्या ५०० घनमीटरला ९०० उणे ८ टक्के, म्हणजे ८२८ रुपये. वरच्या १२० ला १०४० उणे ८ टक्के, म्हणजे ९५६.८०. फरक घनमीटरमागे १२८.८०, एकूण १५,४५६ रुपये. एका बाबीत किरकोळ वाटते. रस्त्याच्या कामात भराव, मुरूम, खडीकरण अशा पाच-सहा बाबी २५ टक्क्यांच्या वर गेल्या की ही रक्कम दुर्लक्ष करण्यासारखी राहत नाही.

चूक दोन ठिकाणी होते. एक, ठेकेदार पूर्ण ६२० ला नवा दर मागतो, सगळा प्रस्ताव परत येतो आणि त्यात वर्ष जाते. दोन, दरसूची खालीही येऊ शकते हे विसरतो. एखाद्या बाबीचा चालू दर कमी झाला असेल तर हाच क्लॉज उलटा लागू होतो.

अंदाजपत्रक

क्लॉज १४ ची भर घालतो. नवी बाब (अतिरिक्त बाब, आपण सगळे ईआयआरएल म्हणतो ती) सांगितली आणि तिचा दर करारातल्या तत्सम बाबीवरून किंवा दरसूचीवरून काढता येत नसेल, तर आदेश मिळाल्यापासून ७ दिवसांत आपला दर लेखी कळवायचा. दर पटला नाही तर खाते आदेश मागे घेऊन दुसरी व्यवस्था करू शकते. पण दर ठरायच्या आधी काम सुरू केले, की अभियंता ठरवील तो दर. 'साहेब म्हणाले करून टाका, बघू नंतर' या वाक्याची कायदेशीर किंमत इतकीच.

दर कळवताना नुसता आकडा देऊ नका. दर पृथक्करण जोडा: साहित्य, वाहतूक अंतर किलोमीटरमध्ये, मजुरी, यंत्राचे तास, गौण खनिजाचे स्वामित्वधन, उपकर, नफा. मंजुरीची फाइल वर जाते ती या पृथक्करणावर. आपण दिले नाही तर शाखा अभियंता आपल्या परीने करतो आणि त्यात खदानीचे अंतर नेमके निम्मे धरलेले असते.

नवा_गडी

पूर्णपणे तोंडी सांगून करून घेतलेल्या कामाचे काय? ना आदेश, ना अतिरिक्त बाब, पण रस्ता वापरात आहे.

दिवाणी_दावा

कराराखाली मागणी अवघड, पण दार बंद नाही. संविधानाच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे सरकारचा करार राज्यपालांच्या नावे, अधिकार असलेल्या माणसाच्या सहीने व्हावा लागतो. तसा नसेल तर करार म्हणून तो उभा राहत नाही. मात्र भारतीय करार कायद्याचे कलम ७० सांगते की फुकट करायचा हेतू नसताना, कायदेशीरपणे काम केले आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने मोबदला दिला पाहिजे. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल (१९६२) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल याच मुद्द्यावरचा, सरकारसाठी केलेल्या बांधकामाचाच आहे.

तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: काम झाले, फुकट नव्हते, लाभ घेतला. म्हणून वापर सुरू झाल्याचे फोटो, उद्घाटनाची बातमी, पाणी सोडल्याची नोंद, शाखा अभियंत्याची साइटवरची सही असलेली कोणतीही चिठ्ठी, काहीही टाकून देऊ नका. मिळतो तो वाजवी मोबदला, आपण मनात धरलेला दर नव्हे.

सोलिंग

वाद झाला तर क्लॉज ३० आहेच की. अधीक्षक अभियंता म्हणजे लवाद. तिथे हरले तर लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली निवाडा रद्द करायचा अर्ज जिल्हा न्यायालयात.

दिवाणी_दावा

सोलिंगभाऊ, हा गैरसमज महागात पडतो. 'अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम व बंधनकारक' एवढे लिहिले म्हणून तो लवाद होत नाही. ओरिसा राज्य विरुद्ध भाग्यधर दास (२०११) आणि पी. दशरथराम रेड्डी कॉम्प्लेक्स विरुद्ध कर्नाटक सरकार (२०१४), दोन्हीकडे अशाच शब्दरचनेबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा लवादाचा करार नव्हे, खात्याने आपल्यापुरती केलेली निवाड्याची सोय आहे. करारात लवादाची वेगळी अट नसेल तर रस्ता दिवाणी दाव्याचा. लवाद नेमायचा अर्ज उच्च न्यायालयात घालून तीन वर्षांनी तो फेटाळला गेला, की मुदतीचा प्रश्न डोक्यावर बसतो.

तरीही क्लॉज ३० ची पायरी चुकवू नका. अधीक्षक अभियंत्याच्या आदेशावर ३० दिवसांत मुख्य अभियंत्याकडे अपील (कंत्राट १० लाखांच्या वरचे असेल तर), त्यावर पुन्हा ३० दिवसांत सचिवांकडे. सचिवांना दाव्यात तथ्य वाटले तर ते शासन स्तरावरच्या स्थायी समितीपुढे ठेवतात. पैसे मिळाले नाहीत तरी या फेऱ्यांत खात्याचे म्हणणे कागदावर येते. 'परिमाण बरोबर आहे, मात्र दर मान्य नाही' अशी एक ओळ मुदतीच्या आत, सहीनिशी मिळाली तर तिचा उपयोग मुदत कायद्याच्या कलम १८ खाली देणे कबूल केल्याचा मुद्दा मांडायला होतो.

आणि अभियंत्याच्या 'अंतिम' निर्णयालाही मर्यादा आहे. करार कोणी मोडला हे एक पक्षकार स्वतःच ठरवू शकत नाही, हे जे. जी. इंजिनिअर्स विरुद्ध भारत सरकार (२०११) मध्ये स्पष्ट झाले आहे. दंड किती हा आकडा अभियंता ठरवील. उशीर कोणामुळे, हा प्रश्न न्यायाधीशाचा.

अंदाजपत्रक

केंद्राच्या कामांत मात्र वेगळे चित्र. केंद्रीय लोकनिर्माण विभागाच्या करारात क्लॉज २५ ही खरी लवादाची अट आहे, रेल्वेच्या सर्वसाधारण अटींत ६४. पण केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जून २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सरकारी करारांत लवाद साधारणपणे १० कोटींपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरताच ठेवायला सांगितले आहे. त्यामुळे नवी निविदा भरताना ती अट आहे की गाळली, हे दर भरायच्या आधी बघा.

खडीक्रशर

दंडाचा विषय निघालाच आहे तर: क्लॉज २ खाली रोजचा दंड लावतात आणि चालू बिलातून कापतात. तो परत मागता येतो का?

दिवाणी_दावा

क्लॉज २ मध्ये अंदाजित किमतीच्या १ टक्क्यापर्यंत रोज, आणि एकूण कमाल १० टक्के. ही वरची मर्यादा आहे, आपोआप लागणारा आकडा नव्हे. करार कायद्याच्या कलम ७४ वर कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (२०१५) मध्ये म्हटले आहे की नुकसान झालेच नसेल तर भरपाईही नाही. नुकसान मोजता येण्यासारखे असेल तर ते दाखवावे लागते. मात्र रस्ता, पूल, शाळा यांत सार्वजनिक गैरसोय रुपयांत मोजणे कठीण, तिथे ठरवलेला वाजवी आकडा टिकू शकतो. त्यामुळे 'तुमचे नुकसान दाखवा' यापेक्षा 'उशीर माझा नाही' हा बचाव भक्कम. त्यासाठी पुन्हा मोजपट्टींनी सांगितलेली अडथळ्यांची पत्रेच लागतात.

हिशेबनीस

भरपाईच्या आकड्यांबद्दल. उशिरामुळे वाढलेला कार्यालयीन खर्च आणि नफा मागताना सगळे हडसन सूत्र लावतात. २ कोटींचे काम, १२ महिने, खर्च व नफा मिळून १० टक्के, ८ महिने उशीर: २० लाख भागिले १२ गुणिले ८, म्हणजे १३.३३ लाख. कागदावर देखणे दिसते. मॅकडरमॉट विरुद्ध बर्न स्टँडर्ड (२००६) मध्ये न्यायालयाने अशी सूत्रे मान्य केली, हे खरे. पण युनिब्रोस विरुद्ध ऑल इंडिया रेडिओ (२०२३) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसते सूत्र पुरावा नाही. या कामात अडकल्यामुळे दुसरे कोणते काम गेले, हे दाखवायला हवे. म्हणजे भरता न आलेल्या निविदा, निविदा भरण्याच्या क्षमतेचा हिशेब, आधीच्या वर्षांची उलाढाल आणि ताळेबंद.

प्रत्यक्ष खर्चाचे पुरावे सूत्रापेक्षा जास्त चालतात. पोकलेनचे लॉगबुक, डिझेलच्या पावत्या, भाड्याचे करारपत्र आणि ते भाडे बँकेतून दिल्याची नोंद, हजेरीपट, भविष्य निर्वाह निधीचे चलान. स्वतःचे यंत्र असेल तर भाड्याचा बाजारभाव लावू नका. घसारा, कर्जाचे व्याज आणि चालकाचा पगार लावा. आणखी एक: करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे नुकसान कमी करायचा प्रयत्न आपण केला की नाही, हेही बघितले जाते. तीन महिने पोकलेन उभे होते तर दुसऱ्या साइटवर का हलवले नाही, हा प्रश्न येणारच. उपविभागाने 'यंत्रसामग्री हलवू नये' असे लिहिले असेल तर ते पत्र सोन्यासारखे जपा.

जीएसटीचेही सांगतो. सरकारी कामांच्या कंत्राटावरचा बराचसा दर १८ जुलै २०२२ पासून १२ चा १८ टक्के झाला. काम आधी झाले, पण बीजक आणि पैसे दोन्ही नंतरचे, तर नवा दर लागतो. ५० लाखांच्या बिलावर फरक ३ लाखांचा. निविदेच्या दरात कर धरलेला होता की वेगळा देय होता, त्यावर सगळे अवलंबून. दर बदलला तेव्हाच मागणीचे पत्र दिलेले असले तर वाद सोपा जातो.

सोलिंग

सूक्ष्म-लघु उद्योग नोंदणी आहे, मग त्या कायद्याखालच्या, थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या परिषदेत का जाऊ नये? चक्रवाढ व्याज मिळते म्हणतात.

दिवाणी_दावा

बांधकामाच्या कंत्राटाला तो मार्ग लागू नाही, अशी मुंबई उच्च न्यायालयाची भूमिका राहिली आहे. तिथे वेळ घालवू नका. व्याजासाठी साधा उपाय: व्याज कायदा १९७८ च्या कलम ३ प्रमाणे लेखी मागणी करायची, रक्कम आणि 'या तारखेपासून व्याज आकारले जाईल' असे स्पष्ट लिहून. करारात व्याजाची अट नसेल तर हिशेब त्या नोटिशीपासून धरला जातो. दर महिन्याच्या स्मरणपत्रात व्याजाचा उल्लेखच नसतो, मग चार वर्षांचे व्याज हातचे जाते.

नवा_गडी

अंतिम बिलावर 'मला कोणतीही मागणी नाही' असे लिहून दिल्याशिवाय चेक काढत नाहीत. मग सगळे संपले का?

मोजपट्टी

आधी मोजमाप पुस्तिकेतली सही नीट समजून घ्या. एमबीत 'मोजमाप मान्य' आणि 'दर मान्य' या दोन वेगळ्या गोष्टी. सही करताना हाताने लिहा: 'मोजमाप मान्य, दर व वगळलेल्या बाबींवरील हक्क राखून.' लिहू दिले नाही तर नुसती सही करा आणि त्याच दिवशीच्या तारखेचे पत्र स्पीड पोस्टने व ईमेलने पाठवा. दुसऱ्या आठवड्यातले पत्र नंतर सुचलेली हुशारी ठरते.

दिवाणी_दावा

आणि लिहून दिलेच असेल तरी आर. एल. कलाथिया विरुद्ध गुजरात राज्य (२०११) वाचा: केवळ 'नादेय' लिहून दिल्याने खरा दावा आपोआप मरत नाही. बोघरा पॉलिफॅब (२००९) मध्ये दबावाखाली घेतलेल्या अशा कागदाचा विचार आहे. पण दबाव होता हे दाखवावे लागते. चेक मिळाल्यावर लगेच, दोन-चार दिवसांत निषेधाचे पत्र गेले असेल तर म्हणण्याला वजन. आठ महिने गप्प बसून मग दबाव आठवला तर नाही.

असेच मुदतवाढीच्या छापील अर्जातल्या 'कोणतीही नुकसानभरपाई मागणार नाही' या ओळीचे. ती खोडून पाठवा, नाहीतर सोबत वेगळे पत्र द्या. खात्याने उशिराने दिलेली जागा स्वीकारून काम चालू ठेवले आणि त्या वेळी भरपाई मागणार असल्याचे कळवले नाही, तर करार कायद्याचे कलम ५५ आडवे येते. उत्तर रेल्वे विरुद्ध सर्वेश चोप्रा (२००२) मध्ये त्याची चर्चा आहे.

खडीक्रशर

करारात '३० दिवसांत दावा केला नाही तर हक्क संपला' असे असेल आणि ३० दिवस गेले असतील तर?

दिवाणी_दावा

ठरावीक मुदतीनंतर हक्कच नष्ट करणारी अट करार कायद्याच्या कलम २८(ब) प्रमाणे शून्य आहे, ८ जानेवारी १९९७ पासून. म्हणून घाबरून दावा सोडू नका. मात्र वेळेवर नोटीस नसल्याने पुरावा दुबळा होतो, तो कलम २८ भरून देत नाही.

अंदाजपत्रक

पुराव्याची एक स्वस्त वाट: माहितीचा अधिकार. १० रुपयांचा अर्ज, २ रुपये पान. मागायचे काय ते नेमके लिहा: अमुक क्रमांकाच्या एमबीची पाने, सुधारित तांत्रिक मान्यतेची टिपणी, मुदतवाढ प्रस्तावावरची उपअभियंत्याची शिफारस. या शिफारशीत 'विलंब ठेकेदारामुळे नाही' असे बऱ्याचदा लिहिलेले असते, मंजुरी मिळावी म्हणून. नंतर दंड लावताना तीच फाइल कोणी काढत नाही.

सोलिंग

बिल मंजूर, सही झालेली, फक्त 'निधी नाही'. त्यालाही दावाच लावायचा?

दिवाणी_दावा

रक्कम निर्विवाद असेल तर अनुच्छेद २२६ खाली रिट याचिकेचा विचार करा. एबीएल इंटरनॅशनल विरुद्ध एक्स्पोर्ट क्रेडिट गॅरंटी कॉर्पोरेशन (२००४) प्रमाणे विषय कराराचा आहे एवढ्याने रिट बाद होत नाही. मोजमापाचा वाद असेल तर मात्र न्यायालय दिवाणी दाव्याकडे बोट दाखवील.

नवा_गडी

शेवटचे. ठेकेदाराचे काम संपून २ वर्षे ११ महिने झाले, पत्रव्यवहार चालू आहे. अजून वेळ आहे ना?

दिवाणी_दावा

तीन आठवडे धरून चाला. केलेल्या कामाच्या मोबदल्याला मुदत कायद्याच्या परिशिष्टातला अनुच्छेद १८ लागतो: पैसे द्यायची तारीख ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून ३ वर्षे. चालू पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. (जुन्या कामांसाठी: १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने वगळला जातो.) सरकारला मात्र दावा करायला ३० वर्षे, तक्रार करून उपयोग नाही.

आजच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस पाठवा. तिचे दोन महिने मुदत कायद्याच्या कलम १५(२) प्रमाणे मुदतीतून वगळले जातात, पण नोटीस मुदत संपायच्या आत गेलेली हवी. रक्कम ३ लाख किंवा जास्त असेल तर प्रकरण वाणिज्यिक न्यायालयाचे. तिथे तातडीची अंतरिम मागणी नसेल तर वाणिज्यिक न्यायालय कायद्याच्या कलम १२अ ची दावापूर्व मध्यस्थी सक्तीची आहे, पाटील ऑटोमेशन (२०२२) नंतर त्यात पळवाट नाही. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. खाते आले नाही की तसा अहवाल मिळतो, आणि तो काळही वगळला जातो. कोर्ट फी महाराष्ट्रात कमाल १० लाख.

नोटीस संबंधित खात्याच्या सचिवांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे पोचवून पोच घ्या. नुसत्या कार्यकारी अभियंत्याला दिलेले पत्र, त्यावर वकिलाचा शिक्का असला तरी, कलम ८० ची नोटीस ठरत नाही.